कपडेखान्यातल्या आक्का आणि शस्त्रक्रियेपूर्वीची बोलणी

शल्यविशारदाला सकाळी सकाळी खरपूस बोलणी बसली, तर त्या दिवशी त्याने बसवलेले मूत्रपिंड अधिक चांगले चालते का? रुग्णालयाच्या प्रत्यारोपण विभागाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याचे उत्तरही देता येत नाही. विभागाच्या छापील अहवालांत यंत्रे आहेत, औषधे आहेत, देणगीदारांची छायाचित्रे आहेत. तळघरातल्या कपडेखान्याचा उल्लेख मात्र ‘इतर सेवा’ एवढ्या दोन शब्दांत आटोपला आहे. या दोन शब्दांच्या आत एक बाई तीसएक वर्षे उभ्या होत्या, आणि त्या क्वचितच गप्प होत्या.

त्यांना सारे आक्का म्हणत. त्या नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ शाळेत होता. शाळा सुटली की तो फाटकाशी उभा राहून घराची किल्ली मागण्यासाठी ‘आक्का’ अशी हाक मारी. ती हाक पहारेकऱ्याने उचलली, त्याच्याकडून परिचारिकांनी आणि परिचारिकांकडून डॉक्टरांनी. शेवटी पगारपत्रकाखेरीज त्यांचे पाळण्यातले नाव कुठेच उरले नाही.

कपडेखाना म्हणजे लांबट, खिडकी नसलेली एक खोली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, मधोमध घड्या घालण्याचे जस्ताचे पत्रे ठोकलेले टेबल, कोपऱ्यात ठिगळे लावण्याचे शिवणयंत्र, आणि वाफेत निर्जंतुक करण्यासाठी कपडे भरून पाठवायचे पत्र्याचे गोल डबे. शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरींना मधोमध भोक असते. त्या भोकाची कड उसवली की आक्का ती लाल दोऱ्याने शिवत, म्हणजे चादर किती वेळा दुरुस्त झाली ते कळे. डॉक्टरांच्या झग्याची आतली बाजू बाहेर काढून घडी करावी लागते, कारण घालणाऱ्याचा हात बाहेरच्या बाजूस लागता कामा नये. हे काम आक्का डोळे मिटूनही करू शकत, पण मिटत नसत, कारण डोळे मिटले तर दुसऱ्याच्या चुका कशा दिसणार?

त्यांच्या रागावण्याला स्वतःची अशी घडण होती. आरंभी एक प्रश्न येई, ज्याचे उत्तर अपेक्षित नसे. त्यानंतर समोरच्याची तुलना एखाद्या निर्जीव वस्तूशी होई आणि ती वस्तू सरस ठरे. अखेरीस त्याच्या आईविषयी सहानुभूती व्यक्त केली जाई. आवाज चढत नसे. धुलाईवाल्यापासून मेट्रनबाईंपर्यंत सगळ्यांनी या तोंडाचा प्रसाद घेतला होता. सुटले होते ते फक्त मोठे डॉक्टर, कारण ते तळघरात कधी उतरलेच नव्हते.

मोठे डॉक्टर १९७४ साली परदेशातून मूत्रपिंड प्रत्यारोपण शिकून आले. त्यांनी विभाग उघडला, आणि पहिल्या दोन खेपांना मूत्रपिंड बसले पण चालले नाही. दोन्ही रुग्ण पुन्हा रक्तशुद्धीच्या यंत्राकडे परतले आणि मोठे डॉक्टर आपल्या हातांकडे संशयाने पाहू लागले. तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी वर चादरी कमी पडल्या. कोणी आणायला सापडेना, म्हणून ते स्वतःच खाली गेले. दारात त्यांच्या बुटाची नाडी सुटली. विचारांच्या नादात त्यांनी समोर दिसलेल्या गठ्ठ्यावर पाय ठेवला आणि नाडी बांधू लागले. गठ्ठा नुकत्याच धुतलेल्या हिरव्या चादरींचा होता.

आक्कांनी विचारले की पाय ठेवायला सारी पृथ्वी कमी पडली का. मग म्हणाल्या की दाराबाहेरचे पायपुसणे बरे, निदान आपण कशासाठी आहोत हे त्याला ठाऊक असते. आणि शेवटी त्यांच्या माउलीची कीव केली, जिने एवढा खर्च करून पोराला समुद्रापार धाडले आणि पोरगा परत येऊन धुतलेल्या कपड्यांवर चिखल फासतो.

मोठ्या डॉक्टरांना शाळा सोडल्यापासून असे कोणी बोलले नव्हते. कानशिले तापवून ते वर गेले. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभे राहिले तेव्हा त्यांच्या मनात भीतीला जागाच नव्हती. सगळी जागा शरमेने अडवली होती. हात मात्र दगडासारखे स्थिर होते. रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडल्याबरोबर मूत्रपिंड गुलाबी झाले, आणि टाके घालून होण्याआधीच त्यातून लघवीचे थेंब ठिबकू लागले. त्या थेंबांना पाहून चार सुशिक्षित माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. असे दृश्य अन्य कुठल्या व्यवसायात सहसा दिसत नाही.

चौथ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी चादरी वेळेवर पोहोचल्या. मोठे डॉक्टर खाली गेले नाहीत, आणि मूत्रपिंड पंधरवडाभर रुसून बसले. पाचव्याच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी त्यांना बाजूला घेतले. भूलतज्ज्ञ उंच, सडपातळ, विज्ञाननिष्ठ गृहस्थ होते. मांजर आडवे गेले तर ते मुद्दाम पुढे जात. त्यांनी सांगितले की अंधश्रद्धेवर आपला काडीचाही विश्वास नाही, परंतु प्रयोगातली यशस्वी परिस्थिती विनाकारण बदलू नये हाही विज्ञानाचाच नियम आहे. तेव्हा उद्या सकाळी डॉक्टरांनी खाली जाऊन चार शब्द ऐकून यावे. डॉक्टर गेले, ऐकून आले, आणि मूत्रपिंड चालले.

अशा रीतीने बोलणी हा शस्त्रक्रियेचा भाग झाला. प्रथम बोलणी, मग हात धुणे, मग झगा. नव्या परिचारिकांना हा क्रम तोंडी शिकवला जाई.

आरंभी आक्कांना यातले काहीच माहीत नव्हते. त्यांना वाटे की हा मनुष्य म्हणजे पालथा घडा आहे. आज सायकल दारात आडवी लावतो, उद्या शाईचे पेन झग्याच्या खिशात ठेवतो, परवा घड्या घातलेल्या टॉवेलांवर टेकून बसतो. त्यांनी मेट्रनबाईंकडे तक्रार नेली की माणसांची पोटे फाडण्याचे काम या गृहस्थांकडे देताना कोणी विचार केला होता का. मेट्रनबाईंना हसू आवरेना आणि गुपित फुटले.

आक्का संतापल्या. आपण काय भाड्याच्या कजाग बाई आहोत का, असे त्यांनी मोठ्या डॉक्टरांना तोंडावर विचारले. योगायोगाने त्या दिवशीही प्रत्यारोपण होते आणि तेही उत्तम पार पडले. त्यानंतर मात्र त्यांनी ही जबाबदारी मनावर घेतली. घरी त्या पोस्टमन यजमानांशी मोजके बोलू लागल्या, कारण चांगले वाक्य सुचले की ते रुग्णालयासाठी राखून ठेवावे लागे. यजमान मित्रांना सांगत की वैद्यकशास्त्राने फार प्रगती केली आहे.

पुढे वर्षे गेली तशी वेगळीच अडचण उभी राहिली. इतकी वर्षे बोलणी खाऊन मोठे डॉक्टर सुधारले. बूट चकाकू लागले, पेन डब्यात राहू लागले, सायकल भिंतीला समांतर लागू लागली. त्यांच्यात दोष उरेना. एका सकाळी आक्कांनी त्यांना तीनदा गोल फिरवून पाहिले आणि अखेर एवढेच म्हणाल्या की इतकी कडक इस्त्री करतात का, बसताना मोडाल. वर भूलतज्ज्ञांनी विचारले, “कशी झाली?” डॉक्टर म्हणाले, “पातळ.” शस्त्रक्रियाभर दोघांच्याही जिवाला घोर लागला. मूत्रपिंड चालले, पण सावकाश.

ही झाली विभागाची पहिली बारा वर्षे. १९८६ साली प्रश्न आक्कांच्या घरात आला.

त्यांचा भाऊ आता घड्याळजी झाला होता. बाजारपेठेत दोन दुकानांच्या मधल्या फटीत त्याचे दुकान होते. गिऱ्हाईक आले की त्याला आत जागा देण्यासाठी स्वतः भिंतीला चिकटावे लागे. एका डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर बसे, आणि बोलणे फारसे नसे. लहानपणापासून घरात जे काही बोलण्यासारखे होते ते आक्का बोलून टाकत. उरलेसुरले बोलून संपवण्याइतकाही उत्साह त्याच्यात राहिला नव्हता. गिऱ्हाइकाने घड्याळ पाण्यात पाडले, वर ‘चांगले दुरुस्त केले नव्हते’ असे ठणकावले, तरी घड्याळजी नुसती मान हलवत. आयुष्यात त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. त्यांच्या पत्नीचे म्हणणे असे की घरात त्यांच्यापेक्षा घड्याळेच जास्त बोलतात.

त्यांच्या पावलांना सूज येऊ लागली, चेहरा फिकट पडला, आणि दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. आठवड्यातून दोनदा ते रक्तशुद्धीच्या यंत्राला जोडले जाऊ लागले. अंगाखालची चादर आक्का स्वतः निवडून पाठवत, ठिगळ नसलेली. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. आक्कांचे रक्त जुळले, पेशी जुळल्या, त्यांचे एक मूत्रपिंड भावाला चालण्यासारखे होते. आक्का म्हणाल्या की मग उशीर कशाला, दोन आहेत, एक घ्या, मला कुठे शर्यतीत पळायचे आहे.

घड्याळजी नाही म्हणाले.

आधी वाटले, बहिणीच्या जिवाला धोका नको म्हणून नाही म्हणत असतील. डॉक्टरांनी समजावले की धोका अगदी थोडा आहे. घड्याळजींनी मान हलवली. मग वाटले, घाबरले असतील. त्यांच्या पत्नीने विनवले, रडून पाहिले, अबोला धरला; पण त्या घरात अबोला कोणाच्या लक्षात येत नसे. अखेर मोठे डॉक्टर त्यांच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले आणि खरे कारण सांगेपर्यंत उठणार नाही म्हणाले. घड्याळजींनी बराच विचार केला.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “आक्काचं मी तीस-पस्तीस वर्षं बाहेरून ऐकतोय. आता आतूनही ऐकू?”

डॉक्टरांनी गंभीरपणे सांगितले की मूत्रपिंड हे रक्त गाळण्याचे काम करते. ते बोलत नाही, रागावत नाही. स्वभाव वगैरे त्यात काही नसते.

“तुम्ही तिची बोलणी खाल्ल्याशिवाय सुरी धरत नाही,” घड्याळजी म्हणाले, “आणि मला सांगता तिचा तुकडा मुकाट बसेल.”

मोठ्या डॉक्टरांच्या विद्वत्तेचा सगळा डोलारा त्यांनी स्वतःच्या हाताने पोखरला होता. आक्कांच्या शब्दांत ताकद आहे असे म्हणावे तर घड्याळजींची शंका रास्त ठरत होती. नाही म्हणावे तर बारा वर्षे तळघराच्या पायऱ्या कशासाठी झिजवल्या? त्यांनी जागच्या जागी ठरवले. पुढचे प्रत्यारोपण एका शिक्षकाचे होते. ते आपण बोलणी न खाता करून दाखवू, आणि मूत्रपिंड चालले तर घड्याळजींनी होकार द्यावा. घड्याळजींना असल्या चाचण्या पटत. घड्याळ नीट झाले का हे तेही चालवूनच पाहत. ते कबूल झाले.

आक्कांना त्या दिवसापुरते तोंड उघडायला बंदी झाली. भावाच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून त्यांनी ती पाळली. मोठे डॉक्टर सकाळी खाली गेले नाहीत, थेट हात धुवायला गेले. शिक्षकांचे मूत्रपिंड असे चालले की परिचारिकेला लघवीची पिशवी बदलता बदलता पुरे झाले. विभागात आनंदीआनंद झाला. घड्याळजींनी बातमी ऐकली, शब्द पाळला, आणि संमती दिली. आक्कांनी त्या आठवड्यात त्यांच्यासाठी चादरींचा एक संपूर्ण नवा संच शिवून घेतला, भोकाची कड दुहेरी.

ठरल्या दिवशी भावाबहिणीच्या दोन चाकांच्या खाटा शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बोळात शेजारी शेजारी लावल्या होत्या. दोघांनी हिरव्या टोप्या घातल्या होत्या. आक्कांची टोपी नीट बसली होती, भावाची त्यांनी हात लांब करून दोनदा नीट केली. मोठे डॉक्टर आले. शिक्षकांच्या वेळी न आलेली गोष्ट आज आली होती. त्यांचे हात कापत होते. ज्या बाईने त्यांचे हात बारा वर्षे स्थिर ठेवले तिचाच भाऊ समोर होता, आणि तीही. ते नको म्हणता म्हणता आक्कांच्या खाटेशी जाऊन उभे राहिले, आणि अगदी हळू म्हणाले की काहीतरी बोला.

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिले. त्या बोलायला गेल्या, पण शब्द येईनात. या माणसाच्या हातात आपला धाकटा जाणार, हे आत्ता कुठे त्यांच्या मनात उतरले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले.

“डॉक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्ही देवमाणूस आहात. तुमच्यासारखे तुम्हीच.”

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. इतके भयंकर शब्द त्या तोंडातून त्यांनी कधी ऐकले नव्हते. भूलतज्ज्ञ धावत आले. ते आक्कांना विनवू लागले की असे करू नका, एखादे वाक्य तरी, निदान सायकलीबद्दल. आणि गोंधळाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेले की शिक्षकांच्या वेळी जशी मला ऐकवलीत तशी तरी ऐकवा.

घड्याळजी कोपरावर रेलून उठले.

हळूहळू सगळे बाहेर आले. शिक्षकांच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी विज्ञाननिष्ठ भूलतज्ज्ञांना चैन पडेना. प्रयोगातली परिस्थिती बदलली जात होती. तेव्हा डॉक्टरांच्या नकळत ते एकटेच तळघरात गेले, धुतलेल्या उशीवर बसले, आणि त्यांच्या वतीने स्वतः यथेच्छ बोलणी खाऊन आले. आक्कांनी तोंडाला कुलूप घातले होते, पण उशीवर बसलेला माणूस पाहून ते कुलूप टिकले नाही. अर्थात चाचणी खोटी होती. डॉक्टरांना ती खोटी असल्याचे आत्ता कळत होते, आणि त्यांच्या हातांचा कंप खांद्यापर्यंत चढला. घड्याळजींनी पाय खाटेखाली सोडले. ते उठून गेले असते तर पुन्हा त्या बोळात आले नसते, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. आक्का हात जोडूनच म्हणाल्या, “धाकट्या, जाऊ नको रे.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

घड्याळजींनी आयुष्यात बहिणीला हात जोडताना पाहिले नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे, मग भूलतज्ज्ञांकडे.

“लाज वाटते का कोणाला इथे?” ते म्हणाले.

आवाज बेताचाच होता, पण बोळाच्या टोकापर्यंत गेला. एवढी मोठी माणसे, ते म्हणाले, आणि एका बाईच्या जिभेला टांगून राहिली आहेत. यापेक्षा भिंतीवरचे घड्याळ बरे, ते निदान स्वतःच्या लंबकावर चालते. आज तिचे पोट फाडायचे आहे, तर तिला चार धीराचे शब्द द्यायचे की तिच्याकडून शिव्या मागायच्या? आणि हे दुसरे उंच गृहस्थ. एवढे शिकून उशीवर बसतात. यांच्या आयांनी यांना वाढवताना काय काय सोसले असेल, विचार करवत नाही. मग ते आक्कांकडे वळले. “आणि तू गं. जन्मभर सगळ्या जगाला बोललीस आणि आज हात जोडतेस? पूस ते डोळे. टोपी ओली होतेय.”

आक्कांनी डोळे पुसले. त्यांचा हात आज्ञाधारकपणे डोळ्यांकडे गेला हे पाहून परिचारिकांना खरे वाटेना.

घड्याळजी थांबले. त्यांना धाप लागली होती आणि गालांवर अनेक महिन्यांत न दिसलेला रंग चढला होता. आपण काय करून बसलो ते हळूहळू त्यांच्या लक्षात आले. त्यांनी स्वतःच्या पोटाकडे, जिथे ते मूत्रपिंड बसवले जाणार होते तिथे, थोडा वेळ पाहिले. जणू तिथल्या भावी भाडेकरूला अटी समजावत होते.

“बसवा,” ते म्हणाले, आणि आडवे झाले. “आतून बोललीच, तर मलाही बोलता येतं.”

मोठ्या डॉक्टरांनी आपले हात वर धरून पाहिले. कानशिले तापली होती. हात दगडासारखे स्थिर होते. ते मुकाट्याने हात धुवायला गेले. भूलतज्ज्ञही मान खाली घालून त्यांच्या मागे गेले, आणि जाताना वाटेतल्या एका उशीला त्यांनी वळसा घातला.

आक्का दोन महिन्यांनी कामावर आल्या. विभागातली जुनी प्रथा त्यानंतर फार टिकली नाही, कारण मोठ्या डॉक्टरांना तळघरात जाण्याचा धीर होईना. घड्याळजी तपासणीला येत तेव्हा मात्र ते आपला झगा आरशात पाहून घेत. दुकानात गिऱ्हाईक उगाच ठणकावू लागले की घड्याळजी आता एका डोळ्याचे भिंग काढून ठेवत आणि त्याला उत्तर देत. हा मूत्रपिंडाचा परिणाम की त्या सकाळचा, यावर भावाबहिणीचे कधीच एकमत झाले नाही. ते आता आळीपाळीने भांडत, आणि पोस्टमन यजमान पंच म्हणून बसत.

आक्का १९९४ साली निवृत्त झाल्या. १९८६ साली बसवलेले त्यांचे मूत्रपिंड २००७ सालीही काम करत होते.